आईच्या उंचीची पायरी

पेणकरपाडा, मीरा रोड
५ जानेवारी २०२५

प्रितम,

जय भीम. एरवी आधी तुझी आणि स्वातीची खुशाली विचारते. आज विचारत नाही. तू मजेत आहेस हे व्हिडिओत दिसलं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. काल एकदा उचललास तर "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणालास, तेही शनिवारी. म्हणून कागदावर लिहितेय. कागद मध्येच कट करता येत नाही.

तुझा व्हिडिओ मला लॅबमधल्या नीलमने दाखवला. मी मायक्रोस्कोपवर होते. ती म्हणाली, "पंचशीला, ही तुमचीच गाडी ना गं? तुझा भाऊ तर फेमस झाला." वर नाव होतं, 'माय डॅड्स ओल्ड एसयूव्ही, बिल्ट बाय मी'.

तू बनवलीस. कधी बनवलीस ते तेवढं सांग. अण्णांनी रिटायर झाल्यावर ती तिसऱ्या मालकाची डिझेल गाडी घेतली तेव्हा तू बेंगळुरूला होतास. आई तिला म्हैस म्हणायची, काळी आहे आणि बसली की उठत नाही म्हणून. त्या म्हशीला उठवायला अण्णांसोबत गाडीखाली कोण झोपायचं? दरवाजांचे रबर कुजून आत पाणी यायचं, ते कुणी बदलले? खाडीच्या हवेने तळाचा पत्रा गंजून पायाखालची जमीन दिसायला लागली होती. तो गंज घासून, पत्रा लावून, काळा रंग मारला तेव्हा माझ्या नखांतला रंग पंधरा दिवस गेला नव्हता आणि लॅबमध्ये सगळे हसायचे. अण्णा गेल्यावर मी एकटीने केलं. रविवारी, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, खाली जुना फ्लेक्स अंथरून. वॉचमन म्हणायचा, "मॅडम, मेकॅनिक को बुलाओ ना." मी म्हणायचे, "आला आहे ना मेकॅनिक."

तू अण्णांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला आलास. बरं वाटलं. "ताई, गाडी दोन दिवस नेतो, मित्राच्या गॅरेजमध्ये जरा फ्रेश करतो" म्हणालास. मी चावी दिली. परत आणलीस तेव्हा गाडी चार बोटं उंच, ट्रॅक्टरसारखे टायर, टपावर लाइटची पट्टी, बोनेटच्या बाजूने वर गेलेला काळा पाइप. तो पाइप नदीतून गाडी न्यायला असतो म्हणे. पेणकरपाड्यात कुठली नदी आहे ते मला दाखव.

आणि मी आईसाठी लावलेली पायरी नव्हती. हँडलही नव्हतं. मी विचारलं तर म्हणालास, "ताई, लूक खराब होत होता. अँब्युलन्ससारखी दिसायची." आई समोर बसली होती, म्हणून मी गप्प राहिले.

पायरी कुठे ठेवली आहेस तेवढं कळव. लगेच.

आई या रविवारी विहारात गेली नाही. बुद्धवंदना तिच्याऐवजी दुसऱ्या बाईंनी घेतली. तब्येत बरी नाही आईची. जास्त काही लिहू नको म्हणालीय.

पंचशीला


१९ जानेवारी

प्रितम,

जय भीम. तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. सोळा सेकंदांत तू दोनदा "चिल" म्हणालास. पायरी गॅरेजवाल्याने भंगारात दिली, आणि तू ऑनलाइन चांगल्या कंपनीची साइड स्टेप मागवून देतोस, "एकदम प्रीमियम".

आईने मला शपथ घातली होती. मी ती मोडतेय. तुला कळलंच पाहिजे.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी आई पडली. डॉक्टरांकडे खुब्याच्या तपासणीला न्यायची होती. तू केलेली उंची पाहून मी म्हटलं, आज टॅक्सी करू. ती म्हणाली, "प्रितूनं एवढी हौसेनं केलीय गाडी, बसून तर बघू दे." मी स्टूल आणायला वर गेले. तिने वाट पाहिली नाही. जिथे हँडल असायचं तिथे तिचा हात सवयीने गेला, तिथे काही नव्हतं. ती टायरवर आपटून खाली आली. मनगट मोडलं, डावं. प्लास्टर आहे. खुबा वाचला, हे नशीब. मी जिन्यातून येताना आवाज ऐकला आणि हातातलं स्टूल तिथेच टाकून धावले.

ती काय म्हणाली माहीत आहे? दुसऱ्या हाताने साडी सारखी करत म्हणाली, "प्रितूला सांगू नको. लेकरू वाईट वाटून घेईल."

आता ती पायरी काय होती ते ऐक, कारण तुला वाटतं ती बाजारात मिळते. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की खाली वाकून बसायचं नाही. म्हणजे रिक्षा बंद, छोटी गाडी बंद. उंच सीट तिला बरी. पण उंच सीटवर चढायचं कसं? मी बाहेरून बिल्डरच्या साइटवरच्या विटा आणल्या. दरवाजापाशी एकावर एक रचत गेले आणि आईला म्हटलं, पाय ठेव, जिथे दुखणार नाही तिथे सांग. ती म्हणाली, "आता बरोबर." त्या विटांवर पट्टी लावून मी माप घेतलं. प्लायचा नमुना कापला. नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग करून घेतलं. पायरी पत्र्याला लावली नाही, कारण पत्रा गंजलेला. खालच्या चॅसिसला बोल्टने आवळली. पायाने ओढली की बाहेर यायची, ढकलली की आत जायची. वर जुन्या पायपुसणीचा रबर चिकटवला होता. हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळली होती, घामाने हात सुटू नये म्हणून.

तुझी प्रीमियम स्टेप आईच्या गुडघ्याचं माप विचारून येणार आहे का?

राग मला पायरीचा नाही. पायरी मी पुन्हा बनवीन. त्या पायरीवरून ती दर रविवारी विहारात जायची, पौर्णिमेला जायची, एकदा हट्टाने राई गावापर्यंत भाजी आणायला गेली. मैत्रिणींना सांगायची, "माझी गाडी आलीय." आता विचारलं तर म्हणते, "कुठं जायचंय मला या वयात. उगं बसलेली बरी." खिडकीत बसते. पडदा अर्धा ओढून.

गाडी अण्णांनी जाण्याआधी तिच्या नावावर केली होती, हे तू विसरलास. ती तुझीही नाही, माझीही नाही. पण निदान मी तिला विचारून हात लावते.

पंचशीला


९ फेब्रुवारी

प्रितम,

फोन केलास, आईशी बोललास, रडलास म्हणे. आईने मला सांगितलं आणि वर म्हणाली, "बघ, त्याच्या मनात काही नव्हतं." मनात काही नव्हतं हीच तर तक्रार आहे माझी. आईला चढायचं असतं हे तुझ्या मनातच नव्हतं.

माझ्याशी बोलायला मात्र तुला वेळ झाला नाही.

गाडी मी पुन्हा खाली आणली. स्प्रिंगचं काम घरी करायचं नसतं एवढी अक्कल मला आहे, ते गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घेतलं. तो माणूस म्हणाला, "मॅडम, लोग ऊपर कराते हैं, आप नीचे करा रही हो." जुने टायर तुझ्या मित्राने ठेवले होते, बरं झालं. लाइटची पट्टी मीच काढली. तिच्यामुळे काशीमिऱ्याला हवालदाराने थांबवलं होतं. तो म्हणाला, "ताई, ही लावून कुठे शिकारीला जाता?" भर सिग्नलला, मागे हॉर्न वाजत असताना. मी काय उत्तर देणार? भावाने लावली म्हणून सांगितलं. तो हसला. पट्टीसाठी टपाला पाडलेली भोकं मी सिलिकॉनने बुजवली आहेत. ती भोकं पाडायच्या आधी तू एकदाही विचार केला नाहीस की पावसात पाणी कुणाच्या डोक्यावर पडेल. पाइप राहू दिलाय. काढला तर बाजूच्या पत्र्यातलं भगदाड दिसतं.

नवी पायरी झाली. या वेळी मी ती रुंद केली, पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना पुरेल एवढी, दोन्ही पावलं शेजारी शेजारी मावतील अशी, म्हणजे मध्ये थांबून दम घेता येईल. दोन हँडलं लावली, एक चढताना धरायला, एक उतरताना. त्या दिवशी मी आनंदाने वर आले आणि म्हटलं, "आई, चल, नुसतं बघायला तरी खाली चल."

तिने मान हलवली. प्लास्टर निघालंय, हात चालतोय. डॉक्टर म्हणतात पाय उत्तम आहे. पण ती दारापर्यंत येते आणि चप्पल घालत नाही. मी एकदा चिडले. ती म्हणाली, "कामून ओरडतीस? पायाला मी सांगते चल म्हणून. पाय ऐकत नाही." मी खाली जाऊन गाडी पुसली. पुसलेलीच होती.

आणि आता तुझा तो व्हिडिओ. मी तो पुन्हा पाहिला, शेवटपर्यंत. सुरुवातीला 'बिफोर' म्हणून तू जुनी गाडी दाखवलीस. त्यात आई चढतेय. तिचा चेहरा नाही, फक्त चप्पल, साडीचा काठ आणि माझी पायरी. मागून तू हिंदीत म्हणतोस, "देखो पहले क्या हाल था." आईच्या पायाला तू हाल म्हणालास.

खाली लोकांनी टायरचं कौतुक केलंय, पाइपचं केलंय. एका माणसाने मात्र विचारलंय, कोणी दिपेश म्हणून आहे, की सुरुवातीला जो स्टेप दिसला तो कुठे मिळतो, मम्मीसाठी पाहिजे. आणि तू उत्तर दिलंस, "थँक्स ब्रो, माय ओन डिझाइन. डीएम करो."

मी ते तीनदा वाचलं. जी वस्तू तुला लाजिरवाणी वाटली, जी तू उपटून भंगारात दिलीस, तिचं कौतुक आल्याबरोबर ती तुझी झाली. अण्णा असते तर तुला काय म्हणाले असते ते मी लिहीत नाही. तुला ते माहीत आहे.

पंचशीला


२ मार्च

प्रितम,

आज मी तुला शिव्या द्यायला बसले होते. देणार आहेच. पण आधी जे झालं ते सांगते.

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. बेल वाजली. दारात तिशीतला एक माणूस, हातात फरसाणाचं पाकीट. म्हणाला, "प्रितमभाई का घर यही है ना? मैं दिपेश. भायंदर ईस्ट से. वो गाडी का स्टेप देखना था."

मी म्हटलं, "प्रितमभाई यहाँ नहीं रहते."

"हाँ, उन्होंने बोला था. बोले, सिस्टर दिखा देगी."

सिस्टर दाखवेल. मला न विचारता, न कळवता, तू परक्या माणसाला घरचा पत्ता दिलास आणि मला शोरूमवर उभी केलीस. माझ्या ओठांवर आलं होतं की पायरी नाही, काही नाही, जा. तो बिचारा चपला काढून उभा होता. म्हणाला, त्याच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. घरची गाडी आहे, जुनी, आपल्यासारखीच उंच. ती एकदा चढताना घसरली आणि नवरात्रीपासून खालीच उतरली नाही. त्यांच्या जैन मंदिरात, देरासरला जात नाही, लेकीकडे जात नाही. "बोलती है, मेरे को कहाँ जाना है."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "कोण आहे गं?"

ती भिंत धरत बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. तिचं हिंदी तुला माहीत आहे. "क्या नाव है तुम्हारे मम्मी का?"

"मंजुबेन."

"कौनसा पाय?"

"दोनों, मांजी. लेकिन राइट ज्यादा."

"गिरी तब कोई था बाजू में?"

दिपेश म्हणाला, "मैं था. फोन पे था."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी चावी घेऊन म्हटलं, चला, दाखवते. तेव्हा ती म्हणाली, "तू काय दाखवणार?" आणि त्याला, "इसको क्या मालूम. इसने खाली बनाया. चढना तो मेरेको है."

तिने चप्पल घातली, प्रितम. स्वतः. मी वाकले तर माझा हात बाजूला केला.

लिफ्टने खाली आलो. मी पायरी ओढली. आईने हँडल धरलं आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. वॉचमन बघत होता, दिपेश बघत होता. मला वाटलं आता ती मागे फिरणार. मी तिच्या पाठीला हात लावला.

"हात काढ," ती म्हणाली.

मी काढला.

मग ती दिपेशला शिकवायला लागली, विहारात बायकांना शिकवते तसंच, सावकाश आणि दोनदा सांगून. "पहले अच्छा पाय ऊपर. फिर दुखनेवाला. यहाँ दोनों पाय रखके थांबने का. घाई नहीं." आणि ती पायरीवर उभी राहिली, दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवून. दम घेतला. मग सीटवर बसली. "अब उतरती. वो भी देखो. चढने से उतरना कठीण है. उतरते टाइम पहले दुखनेवाला पाय." उतरली. "मोबाइल पे लिया क्या? नहीं लिया? फिर से." आणि पुन्हा चढली.

मी बोनेट उघडून त्यामागे उभी राहिले. तेल बघत होते असं समज.

जाताना दिपेश म्हणाला, "प्रितमभाई का डिझाइन एकदम मस्त है."

आई सीटवरूनच म्हणाली, "प्रितम ने निकाला. इसने बनाया."

तेवढंच. आवाज न चढवता. तुझी बाजू घेणारी हीच बाई आहे. तो गोंधळला, मग मला म्हणाला, "दीदी, आप बना दोगे मेरी मम्मी के लिए?" मी म्हटलं, बनवीन. पण आधी तुझ्या मम्मीला भेटणार, विटा घेऊन येणार. त्याला काही कळलं नाही. येत्या रविवारी जातेय.

आता शिव्या. पुन्हा कधी मला न विचारता कुणालाही घरचा पत्ता दिलास तर मी तुझ्या ऑफिसचा पत्ता दुधवाल्यापासून एलआयसी एजंटपर्यंत सगळ्यांना वाटीन. आणि त्या कॉमेंटखाली तुझं उत्तर अजून तसंच आहे. मी रोज बघते.

पंचशीला


२३ मार्च

प्रितम,

जय भीम. बदल पाहिला. व्हिडिओखाली तू लिहिलंस, 'ओरिजिनल बिल्ड अँड स्टेप बाय माय सिस्टर'. तळाशी लिहिलंस. वर तीन ओळी टायरच्या कंपनीबद्दल आहेत, मग 'मोअर' दाबावं लागतं, तेव्हा सिस्टर निघते. आणि सिस्टरला नाव नाही. पंचशीला लिहायला जागा पुरली नाही का? नीलमला दाखवलं तर म्हणाली, "जाऊ दे गं, लिहिलं तरी." मी जाऊ देणार नाही. नाव टाक. वर टाक.

दिपेशला दिलेलं उत्तर तू पुसून टाकलंस. पुसायला नको होतं. त्याच्याच खाली लिहायचं होतंस की मी खोटं बोललो. पुसलं की काही झालंच नाही असं होतं, आणि झालं तर आहे. आईच्या मनगटाला विचार, ती अजून डाव्या हाताने डबा उघडत नाही.

तुझा मेसेजही वाचला. पायरीवर आपण दोघांनी मिळून व्हिडिओ करू म्हणतोस, लोकांना उपयोग होईल. होईल, हे खरं आहे. मला तो विचार आवडला याचा मला राग आला. करायचाच तर आई बोलेल, मी पाना धरीन, आणि तू कॅमेरा धरून गप्प बसशील.

मंजुबेनची पायरी झाली. त्यांचा गुडघा आईपेक्षा कमी वाकतो, म्हणून त्यांना दोन टप्पे द्यावे लागले. पहिल्यांदा चढल्या तेव्हा त्या रडल्या, आम्हाला वाटलं दुखलं. दुखलं नव्हतं. आई आता विहारातून परत येताना त्यांना हाका मारायला गाडी वळवायला लावते. दोघींना एकमेकींची भाषा निम्मी कळते, आणि राहिलेल्या निम्म्यावर त्यांचं जास्त जमतं.

गेल्या रविवारी दोघींनी हट्ट धरला, समुद्र बघायचा. मंजुबेनना चढायला पायरीखाली स्टूल ठेवलं आणि दोघींना चौक गावाच्या किनाऱ्यावर नेलं. मी गाडी होड्या ओढून ठेवतात तिथे थांबवली. मंजुबेननी सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने पदर नाकाला लावला, पण परत चला असं काही म्हणाल्या नाहीत. आईने दार उघडलं, पायरीवर उतरली आणि तिथेच बसली. पायरीवरच. ओट्यावर बसावं तशी, पाय वाळूत सोडून. मी ती चढण्या-उतरण्यासाठी बनवली होती, तिच्यावर बसता येतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाजूने टोपली घेऊन जाणारी एक बाई म्हणाली, "बसा आजी निवांत. हितं कोन उठवनार न्हाय." आई तिला म्हणाली, "माझी गाडी आहे." मग मंजुबेन सरकत सरकत खाली आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. पायरी दोघींना पुरली. बोल्ट हलला नाही, मी वाकून पाहिलं.

ऊन उतरेपर्यंत बसल्या होत्या. तिथे आईने मला सांगितलं, "प्रितूला लिही, जयंतीला ये म्हणावं." मी म्हटलं, तूच फोन कर. म्हणाली, "फोनवर तो रडतो. तू लिही, तू रागावतीस तेव्हा तो ऐकतो."

म्हणून लिहितेय. चौदा एप्रिलला ये. आदल्या दिवशी आलास तर बरं, टपाची भोकं सिलिकॉनने नीट बुजली नाहीत, पाणी मारून पाहिलं तर एका ठिकाणी अजून झिरपतंय, आणि ती तू पाडली आहेस. माझा राग गेलेला नाही, गेला असं समजून येऊ नको.

स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन. पुढच्या सीटवर आई असते. तू मागे बसायचंस.

पंचशीला